साळीचा काटा साळंत

पोरांनी काहीही आणून दिलं की बाई आधी त्याचा वास घ्यायच्या. सापाची कात असो, सुगरणीचं घरटं असो, नाहीतर दासगावच्या खाडीतला शिंपला. मग म्हणायच्या, "नाव मागाहून विचार. आधी हात लाव."

पोलादपूरच्या शाळेत त्या शास्त्र शिकवत आणि मी गणित. हेडमास्तरांच्या मागे लागून त्यांनी व्हरांड्यातलं काचेचं कपाट मिळवलं आणि हे सगळं त्यात मांडलं. निम्म्या पोरांचे बाप मुंबईला गिरणीत. त्यामुळे पोरांनी कपाटाचं नाव ठेवलं 'राणीचा बाग'. एक चिमुरडा म्हणालाही, "पन बाई, ह्यात जितं काय नाय!"

"म्हणून तर नाकाशी धरता येतं, बाबा. मुंबईचा वाघ धरू देईल का?"

त्यांचा तास म्हणजे काय सांगू तुम्हाला! गुळाला मुंगळे लागावेत तशी पोरं कपाटाला चिकटलेली. "बाई, हे पीस कोनाचं?" असं कोणी विचारलं की बाई उलट विचारणार, "भिजेल का रे ते? पाणी टाकून बघ." मग ते पाणी वाहत माझ्या वर्गापर्यंत यायचं आणि माझे अपूर्णांक बोंबलायचे. मी चिडायचो. मधल्या सुट्टीत मात्र, कोणी बघत नाही असं पाहून, मीही पिसावर पाणी टाकून बघायचो.

एकदा कापडे गावच्या वरच्या वाडीतल्या मंदीनं ओंजळभर साळिंदराचे काटे आणले. काळे-पांढरे पट्टे, आणि टोक असं की बोटाला लागलं तर आईच आठवावी. बाईंनी ते वरच्या फळीवर ठेवले. आता, आमच्याकडे समजूत अशी की साळीचा, म्हणजे साळिंदराचा, काटा घरात आला की भांडण लागतं. आणि नेमकं त्याच आठवड्यात हेडमास्तरांची नि शिपायाची घंटेवरून जुंपली, वर दोन पोरांनी एकमेकांची नाकं फोडली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ!

मंदीची आजी तरातरा आली. "बाई, साळीचा काटा साळंत कशाला ठेवलात? भांडनं लावायची हायत का?"

मला हसू आवरेना. हेडमास्तर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "काटे फेका, नाहीतर उद्यापासून कपाटाला कुलूप."

बाईंचा चेहरा उतरला. पोरं कपाटाला पाठ लावून उभी होती. त्यांच्यादेखत काटे फेकायचे तर पोरं शिकणार काय? भीती वाटली की वस्तू टाकून द्यायची? आणि कपाटच बंद झालं तर मग सगळंच संपलं.

"फेकत नाही. माझ्या घरी नेते," त्या म्हणाल्या. "माझ्या घरात भांडायला दुसरं आहे कोण?"

सगळे हसले. मग एकदम कोणी हसेना. लग्नानंतर वर्षभरातच बाई एकट्या झाल्या होत्या, ते सगळ्यांना एकाच वेळी आठवलं असावं.

काटे बाईंच्या कोनाड्यात गेले. शाळा सुटली की पोरंही तिकडेच. आधी उंबऱ्याबाहेरून माना लांब करून, मग हळूच आत. मी शेजारीच राहायचो. एका संध्याकाळी बाईंकडून आरडाओरडा ऐकू आला म्हणून धावलो, तर मंदी आणि वाण्याची शालन एकमेकींच्या झिंज्या धरायच्या बेतात.

"केस हाय तो काटा!"

"केस कदी टोचतो काय गो? हाड हाय, हाड!"

बाई चुलीपाशी हनुवटीला हात लावून नुसत्या बघत बसलेल्या.

"अहो, सोडवा ना! खरं काय ते सांगून तरी टाका."

"केसच तो," त्या माझ्या कानाशी पुटपुटल्या. "पण गप्प बसा हो मास्तर. किती वर्षांनी या घरात कोणी भांडतंय!" त्या हसत होत्या आणि डोळे पाण्याने भरले होते.

पुढे बाईंची बदली झाली. कपाट शाळेला राहिलं. काटे मात्र कोणी ठेवून घेईना. एस.टी.च्या थांब्यावर बाई पुडकं हातात घेऊन उभ्या. शेवटी मंदी पुढे झाली.

"द्या बाई. आमच्या घरात नायतरी रोज भांडान असतं."

"वा गो वा! सगळे तुलाच?" शालन उसळली.

बाईंनी पुडकं दोघींच्या मध्ये धरलं आणि गाडीत चढल्या. त्यांना मी पाहिलं ते तेव्हाच, शेवटचं. पोरी रस्त्यातच भांडत राहिल्या, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत बाई खिडकीतून मान बाहेर काढून ऐकत होत्या.