पुरलेले बनियन

मूठभर माती उचलायची, स्वतः हुंगायची आणि मग समोरच्याच्या नाकाखाली धरायची. "वास घ्या की, आज्जी!" बीदरला आपल्या वरच्या खोलीत राहून शेतकी कॉलेजात शिकणाऱ्या मुलीची ही रीत. मुलांनो, मी सकाळी चहाचा कप उचलायचा अवकाश, तिची मूठ हजर.

शाश्वत शेती, माती-पाण्याची राखण, असे तिचे विषय. वर्गात ऐकलेले संध्याकाळपर्यंत तिच्या पोटात राहत नसे.

दुबलगुंडी गावी तिच्या वडिलांचा, म्हणजे अप्पांचा, ऊस होता. तोडणी झाली की उरलेले पाचट ते पेटवून देत. यंदा एक एकर तरी न जाळता माझ्या हाती द्या, एवढेच तिचे मागणे. वडील म्हणत, "कॉलेजातलं कॉलेजात ठिव."

एके दिवशी तुमच्या आजोबांची सुती बनियने दोरीवरून नाहीशी झाली.

"पुरली, आज्जी! एक तुमच्या परसात, एक अप्पाच्या उसात. माती जित्ती असली तर खाती."

"आणि मी काय घालू?" आजोबांनी विचारले.

"जरा वारं घ्या की अंगाला!"

दसऱ्याच्या सुमारास तिने परसातले बनियन उकरले. मी रोज पान न् पान झाडून काढलेल्या जमिनीतून ते धडधाकट निघाले. आजोबांनी ते धुऊन घातलेसुद्धा. मी मात्र झाडू जरा कोपऱ्यात सारला.

तोडणी झाल्यावर आम्ही तिच्यासोबत दुबलगुंडीला गेलो. पाचट वाळले होते आणि वडिलांच्या खिशात काडेपेटी होती. उसातले बनियन काळवंडलेले, पण अख्खे निघाले. मग तिने बांधावरच्या कडुलिंबाखाली, कधी न जाळलेल्या पाल्यात उकरले. हाताला नुसती शिवण लागली.

"म्हणजे तीन नेलीस?" आजोबा ओरडले.

वडील हसले नाहीत. ते अख्खे बनियन हातात धरून उभे राहिले. "म्हंजे माझं रान मेलंय म्हन की."

तिचा आवाज उतरला. "न्हाई, अप्पा. उपाशी हाय. त्याच्या ताटातलंच आपन जाळायलोय."

 ते दाताळे घेऊन शेताच्या मधोमध पाचट दोन्हीकडे ओढू लागले. मागे मोकळी वाट पडत गेली, आग ओलांडणार नाही एवढी रुंद.

"हिकडचं तुझं," ते वर न बघता म्हणाले.

ती धावली आणि दुसरे दाताळे उचलून मधली वाट हळूच त्यांच्या बाजूला ढकलू लागली.

"ए पोरी! माझ्याकडं कामून सरकायलीस?"