डेअरीकाकांचा लाकडी पॉट

डेअरीकाका कपातलं काहीही खाण्याआधी झाकण वाचत. त्यावर ‘फ्रोझन डेझर्ट’ असं छापलेलं असलं, तर यजमानांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत, “हे आइस्क्रीम नव्हे. यात दुधाच्या सायीऐवजी पामतेल आहे. खुशाल खा, पण आइस्क्रीम म्हणू नका.” एका डेअरीच्या प्रयोगशाळेत त्यांची नोकरी झाली होती. निवृत्तीनंतरही ते कोलकात्यातच, बेहाला भागात राहिले.

कोलकात्यातल्या आमच्या छोट्या मराठी मंडळाच्या पाडव्याच्या जेवणाला ते आइस्क्रीमचा लाकडी पॉट आणत. बर्फात खडेमीठ घालत. मुलं पाळीपाळीनं दांडा फिरवत आणि काका समजावत: कुल्फी घुसळत नाहीत, म्हणून ती घट्ट, आइस्क्रीम घुसळताना त्यात हवा शिरते, म्हणून ते हलकं, सॉर्बेत दूधच नसतं. एकदा एक मुलगी दमून बंगालीत म्हणाली, “आर पारछि ना, काका!”

“मराठीत दमलीस तरच सुट्टी.”

घरी आईला मराठीत उत्तर न देणारी ती मुलगी ओरडली, “हात मोडला माझा!”

मी मंडळाची चिटणीस झाले, त्या वर्षी वेळ वाचावा म्हणून केटररकडून कप मागवले. काकांना कळवायचं राहिलं. ते पॉट घेऊन टॅक्सीतून उतरले, तेव्हा कप वाटून होत आले होते. त्यांनी झाकण वाचलं आणि बोलायला सुरुवात केली. मी सगळ्यांसमोर म्हणाले, “काका, लोकांना गोड हवंय, भाषण नको.”

लोक हसले. काकाही हसले. त्यांनी कप संपवला आणि पॉट न उघडता परत नेला. पुढच्या पाडव्याला खांदा दुखतो असा निरोप आला. त्यापुढच्या पाडव्यालाही तोच. मुलं कप घेऊन कोपऱ्यात बसू लागली, आपसात बंगालीत बोलत.

माफी मागायचं मी नुसतं ठरवत राहिले. काका मुलीकडे नाशिकला कायमचे निघाल्याचं कळलं, तेव्हा मी त्यांच्या घरी गेले. सामान बांधून झालं होतं. चहा झाला. मी शब्द जुळवत होते, तोच काका म्हणाले, “त्या दिवशी तुझं बरोबर होतं गं. मी जरा जास्तच बोलतो.”

‘नाही काका’ एवढंच म्हणायचं होतं. खाली टॅक्सीनं हॉर्न दिला. मी “सांभाळून जा” म्हणाले आणि त्यांची पिशवी उचलली.

पावसाळा संपताना काकांच्या मुलीचा नाशिकहून फोन आला. काका गेल्याचं सांगून ती म्हणाली, “तिकडचे सगळे म्हणतात, बाबा फार बोलायचे. इथे आल्यापासून ते विचारल्याशिवाय बोललेच नाहीत.”