संकल्पातलं द्वीप

मुलाच्या नव्या घराची वास्तुशांत चिलीत होती आणि गुरुजी इथे माझ्या शेजारी बसून फोनवरून मंत्र सांगत होते. संकल्पाशी ते अडले. आपण कुठे आहोत ते आधी देवाला सांगायचं असतं, आणि त्यांना सवय ‘जंबुद्वीपे’ म्हणायची.

“ताई, तिकडचं द्वीप कुठलं?”

“दक्षिण अमेरिका,” मी म्हटलं.

फोनमधून नात म्हणाली, “आजी, आमच्या शाळेत अमेरिका एकच खंड आहे.”

गुरुजींची सात द्वीपं, माझ्या भूगोलातले सात खंड, नातीचे आणखी निराळे. या वाटणीत माझा मुलगा नेमका कुणाकडे गेला?

“जंबुद्वीपेच म्हणा,” मुलगा म्हणाला. मला क्षणभर बरं वाटलं. मग मनात आलं, तो पत्ता ऐकून देव इकडेच आला, तर तिकडच्या घरावर लक्ष कोण ठेवणार?