दाढीआडची हनुवटी

आमच्या ह्यांना सगळा बाजार ‘दाढीवाले’ म्हणतो. सलूनच्या पाटीवर वेगळंच नाव आहे, पण ते वाचायच्या भानगडीत कुणी पडत नाही. दुसऱ्यांच्या दाढ्या उतरवून संसार चालवणारा माणूस स्वतःची दाढी मात्र तळहाताच्या फोडासारखी जपतो, याचं गिऱ्हाइकांना भारी नवल. कुणी विचारलंच तर हे म्हणायचे, “दिवसभर हेच करतो, घरी गेल्यावर पुन्हा कुठे करत बसू?”

खरं कारण मला ठाऊक होतं. ह्यांना हनुवटी नाही. म्हणजे आहे, पण नावापुरती. खालच्या ओठाखाली चेहरा जरा थांबल्यासारखा करतो आणि सरळ गळ्यात उतरतो. ती उणीव ह्यांनी दाढीने अशी भरून काढली होती की बघणाऱ्याला वाटावं, काय करारी जबडा आहे माणसाचा. रोज सकाळी दुकानातल्या मोठ्या आरशासमोर उभं राहून, दोन्ही बाजू बारीक करून खालचा भाग तेवढा भरघोस ठेवायचे. त्या वेळी हाक मारलेली त्यांना खपत नसे.

मला हे माहीत आहे, हे मात्र त्यांना माहीत नव्हतं. मी तशी तोंडाळ बाई. ह्यांच्या घोरण्यावर, विसराळूपणावर, दुकानातल्या पाल्हाळावर माझी टकळी दिवसभर चालू असते. पण हनुवटीचा विषय मी कधी काढला नाही. एवढी एक गोष्ट झाकून ठेवून माणूस सुखात राहत असेल, तर आपण कशाला उघडी करा.

आरशाशी असं नातं असल्यामुळेच दुखणं पकडलं गेलं. शाळेतल्या हेडमास्तरांचे केस कापता कापता ह्यांची नजर आरशात स्वतःकडे गेली, तर डावी पापणी अर्ध्यावर उतरलेली. हेडमास्तरांना वाटलं, हे डोळा मारताहेत. ते चांगलेच वरमले. दुपारपर्यंत पापणी पुरती मिटली आणि डोळ्यामागे असं ठणकायला लागलं की हे दुकानाचं शटर ओढून घरी आले. ताप अंगात असतानाही ज्याने कधी शटर ओढलं नाही, त्याला असा दारात बघून मी पायात चपला सरकवल्या आणि थेट हॉस्पिटल गाठलं.

डोक्याचे फोटो काढले तेव्हा कळलं, मेंदूतल्या एका रक्तवाहिनीला फुगा आला होता आणि तो डोळ्याच्या नसेवर दाबत होता. फुटला तर जिवावर बेतणार. मोठ्या डॉक्टरांनी समजावलं, “डोकं उघडायचं नाही. जांघेतून बारीक नळी वर नेऊ आणि फुग्यात तारेची वेटोळी भरून तो बंद करू. उद्या सकाळीच. पूर्ण भूल देऊन.”

संध्याकाळी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. ठेंगण्याशा, गळ्यात दोरीला चष्मा, बोलणं सावकाश. मला वाटलं होतं, त्या डोक्याबद्दल विचारतील. पण डोकं राहिलं बाजूलाच. म्हणाल्या, तोंड उघडा. जीभ काढा. मान मागे न्या. एखादा दात हलतो का? मग म्हणाल्या, “खालच्या दातांनी वरचा ओठ चावून दाखवा.” ज्याचा जबडा मागे आहे त्याला हे कुठलं जमायला. ह्यांनी मिशीआड काहीतरी हालचाल केली आणि मान डोलावली. बाईंनी हनुवटीपासून गळ्यापर्यंत बोटांनी मापही घेतलं, पण ते दाढीवरून. बाईंना ते पुरेसं वाटलं.

“दाढी दाट आहे,” त्या म्हणाल्या. “तोंडावरचा मास्क घट्ट बसणार नाही, हवा सुटेल. थोडी कमी करून घ्या.”

“मी स्वतःच करतो,” हे लगेच म्हणाले.

बाई निघाल्या तशी मी मागोमाग बाहेर जाऊन विचारलं, की एवढं तोंड आणि गळा बघण्यासारखं काय असतं. त्या थांबल्या. “झोपवणं सोपं असतं, ताई. झोपवलं की त्यांचा श्वास माझ्या हातात येतो. घशातून नळी घालून तो मला चालवायचा असतो. नळी घालताना झटापट झाली, किंवा काढताना ते जोरात खोकले, तर रक्तदाब उसळतो आणि तो फुगा तिथेच फुटू शकतो. म्हणून सगळं आधी बघून ठेवते. ऐनवेळी नवीन काही निघायला नको.”

वॉर्डात परतले तर हे पलंगावर बसून, एका डोळ्याने छोट्या आरशात बघत दाढी कापत होते. गाल चक्क साफ केले होते. हनुवटीवर मात्र असा काही झुपका राखला होता की जबडा आधीपेक्षाही रुबाबदार दिसावा. त्या हाताला सफाई होती, यात वाद नाही. “शोभते ना?” त्यांनी विचारलं. मी ‘हो’ म्हणाले आणि पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर पडले.

डॉक्टरीणबाई त्यांच्या खोलीत चहा पीत होत्या. मी दारातच म्हणाले, “बाई, ह्यांना हनुवटी नाही.”

“म्हणजे?”

“आहे, पण नावापुरती. दाढीने सजवलेली आहे. ओठसुद्धा चावला नाही त्यांनी, नुसती मिशी हलवली.”

मला वाटलं, त्या हसतील. त्यांनी कप खाली ठेवला. “घोरतात का?”

“शेजारचे भिंतीवर थापा मारतात.”

“बरं झालं सांगितलंत,” त्या म्हणाल्या आणि चष्मा चढवून माझ्या आधी वॉर्डाकडे निघाल्या.

दाढी पूर्ण काढायची, असं त्यांनी ह्यांना सांगितलं. कारण सांगितलं नाही. ह्यांनी उघड्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. “तू सांगितलंस?”

“हो.”

हॉस्पिटलचा माणूस केस काढायचं मशीन घेऊन आला, तेव्हा म्हणाले, “हे मेंढ्या भादरायला ठीक आहे,” आणि त्याला हात लावू दिला नाही. स्वतःच करायला गेले, तर एका डोळ्याने हनुवटीखालचं धड दिसेना. शेवटी मशीन माझ्या हातात दिलं. मी घाबरतच चालवायला लागले. “कातडी ताण,” ते म्हणाले. “उलटं नको. हात हलका ठेव.” एवढंच काय ते बोलणं. झुपका मांडीवर पडला आणि इतकी वर्षं लपवलेला तो चेहरा माझ्यासमोर आला. “आता बघ पोटभर,” ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

खूप बोलायचं होतं. पण रक्तदाब वाढता कामा नये, अशी ताकीद होती, म्हणून मी ओठ मिटून बसले. सकाळी त्यांना नेलं तेव्हाही ते रागावलेलेच होते. दाराबाहेरच्या बाकावर बसून माझ्या मनात एकच येत होतं, की हा माणूस माझ्यावर रुसूनच गेला तर मी काय करू. फुग्यापेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटत होती, खोटं कशाला बोला.

दार उघडलं आणि डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. डोक्यावरची टोपी काढून माझ्या शेजारीच बसल्या. “फुगा बंद झाला. नळी पहिल्याच खेपेला गेली. कॅमेऱ्याचं उपकरण मी आधीच हाताशी ठेवलं होतं. जबडा एवढा मागे, नेहमीच्या पद्धतीने बघायला गेले असते तर घशात काही दिसलंच नसतं. धांदल उडाली असती.”

“आणि खोकला?”

“त्यांनी डोळे उघडून माझं ऐकेपर्यंत खोकला दाबणारं औषध बारीक चालू ठेवलं. मग नळी काढली. हूं की चूं नाही.” मग त्या हसल्या. “लोकांना भूल देण्यात माझा जन्म गेला, आणि त्या दाढीला मीच भुलले.”

मी त्यांचे दोन्ही हात धरले आणि रडले. मला लाज वगैरे काही वाटली नाही.

दुपारी मला आत सोडलं. हे उशाला टेकून होते. पापणी अजून मिटलेलीच होती, ती हळूहळू उघडेल असं डॉक्टर म्हणाले. आवाज घोगरा झाला होता. मी पाण्याचा चमचा पुढे केला. त्यांनी घोट घेतला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “तुला कधी कळलं?”

“लग्नाच्या आधी.”

“उगाच काहीतरी. तुझ्या घरी आलो तेव्हा दाढी होती मला.”

“त्याच्याही आधी मी बस स्टँडवर तिकिटाच्या खिडकीत बसायचे. तुम्ही रोज सकाळी यायचात, सुटे पैसे नसायचे, आणि सॉरी म्हणताना ती एवढीशी हनुवटी शर्टाच्या कॉलरमध्ये घालायचात. तुम्ही कधी वर पाहिलंत तर ना खिडकीत कोण आहे ते. तुमचं स्थळ आलं तेव्हा घरातले विचार करू म्हणाले. मी म्हटलं, मी पाहिलंय त्यांना, माझा होकार कळवा.”

त्यांनी आता कुठे माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “अगं, मग दर रविवारी दाढीला तेल का चोळून द्यायचीस?”

“तुम्हाला आवडायचं म्हणून.”

त्यांनी माझा हात ओढून घेतला आणि त्या उघड्या हनुवटीवर ठेवला. तिथे हात ठेवायला जागा तशी कमीच होती, पण मला पुरली.