बिस्किटांच्या कंपनीतली मुलगी

मी दारू पीत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या रविवारचे फोटो पाहून आमच्या बिल्डिंगमध्ये जे काय बोललं गेलं ते माझ्या कानावर आलंय. साठी उलटलेली बाई, गुडघ्यांना पट्टे बांधून सायकल चालवते, आणि वर बिअरच्या कारखान्यात उभी! उभी होते ना. काय म्हणणं आहे?

सायकल मी निवृत्त झाल्यावर घेतली. डॉक्टरांनी चाला म्हणून सांगितलं होतं, पण आमच्या भाईंदरजवळच्या बेव्हर्ली पार्क भागात चालायचं कुठे? फुटपाथवर पाणीपुरीवाला, त्याच्या पुढे स्कूटर, स्कूटरच्या पुढे खड्डा. म्हटलं त्यापेक्षा सायकल बरी. आमच्याच कॉम्प्लेक्समधल्या आठ जणांचा ग्रुप होता, त्यांनी मला घेतलं. दर रविवारी सकाळी सहाला निघायचं, दहापर्यंत घरी. मला आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

मग ग्रुपचा जो लीडर आहे, तिसऱ्या मजल्यावरचा आयटीतला मुलगा, त्याने एका शुक्रवारी मेसेज टाकला. ह्या रविवारी उत्तन राइड, आणि वाटेत दोन क्राफ्ट ब्रुअरी बघायच्या. छोट्या प्रमाणावर हाताने बिअर बनवतात त्या जागा. येताना सायकली टेम्पोत टाकू, म्हणजे कुणी पिऊन चालवायला नको. खाली दोन्ही ठिकाणांची नावं. दुसरं नाव वाचलं आणि माझ्या हातातला चहा थांबला.

तिथे माझी मुलगी काम करते. काम करते म्हणजे बिअर बनवणारी तीच. मायक्रोबायॉलॉजी शिकली, चांगली दोन वर्षं एका लॅबमध्ये होती, आणि एक दिवस घरी येऊन म्हणाली, आई, मी ब्रुअर होतेय. तेव्हा आमच्याकडे माझी नणंद आली होती. तिने बशी खाली ठेवली आणि म्हणाली, ‘मग आता स्थळांना काय सांगणार?’ बस. त्या एका वाक्याने माझी जी अक्कल गेली ती तीन वर्षं परत आली नाही. मी सगळ्यांना सांगायला लागले, मुलगी फूड कंपनीत आहे, क्वालिटीला. आमचे हे म्हणाले, ‘अगं, सांगून टाक ना सरळ.’ मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा, लोकांच्या तोंडाला तुम्ही लागत नाही, मला लागावं लागतं. आमच्या सायकल ग्रुपमधल्या गुजराती भाभीने तर एकदा खोदून विचारलं, ‘कौनसी फूड कंपनी? बिस्किट वगैरह?’ मी म्हटलं, हां, बिस्किट. तेव्हापासून दर दिवाळीला ती मला विचारते, सँपल नहीं मिलता क्या?

मुलीचं काम पहाटे पाचला सुरू होतं म्हणून ती चौक गावात एका ख्रिस्ती कुटुंबाच्या घरी खोली घेऊन राहते. सोमवारी सुट्टी, त्या दिवशी घरी येते. तिने मला तीनदा ब्रुअरीवर बोलावलं होतं. एकदा माझी कंबर दुखत होती, एकदा पाहुणे होते, आणि तिसऱ्यांदा काय सांगितलं ते आता आठवतही नाही.

मी त्या रविवारी सहज म्हणू शकले असते, की बरं वाटत नाही. पण मला जायचं होतं. ग्रुपच्या गर्दीत कुणाला न कळता बघून येऊ, असं मनात आलं. शनिवारी तिला फोन केला. म्हटलं, ‘उद्या ग्रुपबरोबर येतेय मी. पण त्यांना माहीत नाहीये गं. जरा सांभाळून घे.’

तिने किती जण येणार ते विचारलं. मग म्हणाली, ‘बरं.’

रविवारी निघालो. भाईंदरचा पूल चढताना माझा जीव निघाला, त्यात मागून डंपरवाला हॉर्न देतोय. अरे, उडून जाऊ का मी? पहिली ब्रुअरी पूल उतरल्यावर, एका मॉलच्या वरच्या मजल्यावर. सकाळी आठला खास आमच्यासाठी उघडलेली, म्हणजे बघायला फक्त, प्यायचं दुसरीकडे. काचेच्या मागे तांब्याची चकचकीत भांडी, आणि तिथे चिटपाखरू नाही. कोण बनवतं विचारलं तर मॅनेजर म्हणाला, ‘टीम है मॅम.’ मला आणि भाभीला बघून त्याने परस्पर सांगितलं, ‘लेडीज के लिए मॉकटेल है.’ आम्ही मागितलं होतं का? मी नाही पीत ते वेगळं, पण हा कोण ठरवणारा! भाभी तर पीते.

तिथून मुर्धा, राई, मोर्वा ही गावं करत उत्तनच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना मिठागरं, खारा वारा तोंडावर. तारोडीच्या फाट्यापुढे जिकडेतिकडे बांबूंवर बोंबील वाळत घातलेले. एरवी मी त्या रस्त्याला गाणं म्हणत जाते. त्या दिवशी एक शब्द फुटेना. चौक गावात पोचल्यावर लीडरचा मोबाइल रस्ता दाखवेना, म्हणून त्याने एका सुकी मासळी विकणाऱ्या बाईला विचारलं. ती म्हणाली, ‘बिअरवाल्या पोरीकडं ना? हितंच हाय, लांब न्हाय. चर्चच्या मागं. लय भली पोरगी हाय ती. उरलेला भुसा रोज आमच्या बकऱ्यांना देते, फुकट.’

परकी बाई, भर बाजारात, मोठ्या आवाजात सांगत होती. मी सायकलची चेन बघत खाली वाकून राहिले.

ब्रुअरी म्हणजे एक पत्र्याची शेड. आत गेल्याबरोबर भाजलेल्या धान्याचा वास आला, गरम, गोडसर, आणि मला एकदम माझं स्वयंपाकघर आठवलं. सात-आठ स्टीलच्या उंच टाक्या, पाइप, ओली फरशी. आणि टाकीमागे ती. गुडघ्यापर्यंत गमबूट, डोक्याला जाळी, पाठीवर पंचवीस किलोचं पोतं. माझी पोर पोतं उचलत होती. मनगटावर भाजल्याचा डाग होता, आणि तो मला दर सोमवारी दिसत असणार, मी कधी विचारलं नव्हतं. तिने आमच्याकडे पाहिलं, सगळ्यांना मिळून एक नमस्कार केला आणि पोतं ठेवायला गेली.

मालक पुढे आला. चाळिशीचा, हाफ पँटमधला, गोड बोलणारा माणूस. त्याने सगळ्यांना छोट्या ग्लासात बिअर दिली, मला लिंबूपाणी दिलं, मी मागितलं म्हणून. आणि म्हणाला, ‘आता आमची खासियत. नाचणीची बिअर. लोक विचारतात, नाचणीला मोड आणून ती वापरायची हे कुठून सुचलं? तर कोकणात, आत एका खेड्यात, एक आजी होती. तिची पद्धत आहे ही. शंभर वर्षांची परंपरा. ती आजी बिचारी आता नाही.’

सगळे ‘वा’ म्हणाले. भाभीचे डोळे पाणावले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोण आजी? कुठली आजी? ती नाचणी माझी होती! रत्नागिरीहून आलेली, मी निवडलेली. दीड वर्षापूर्वी मुलीचे फोनवर फोन. आई, भिजवायची किती? रात्रभर. मोड केवढे? तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढे, जास्त नको, कडू होते. वाळवायची उन्हात की सावलीत? सावलीत, पंख्याखाली. मी इतकी खूश झाले होते, वाटलं पोरगी शेवटी नाचणीचं सत्त्व करून खातेय. माझ्या जुन्या सुती साडीचा तुकडा दिला होता बांधायला. आणि जेव्हा तिने सांगितलं की बिअरमध्ये घालतेय, तेव्हा मी म्हटलं होतं, ‘तान्ह्या बाळाचं खाणं ते, दारूत घालतेस? लाज नाही वाटत?’ हो, म्हटलं होतं. पण म्हणून काय कुठल्या तरी मेलेल्या आजीच्या नावावर खपवायचं? आणि जी पोर पहाटे उठून पोती वाहते तिचा उल्लेखसुद्धा नाही!

मला गप्प बसता येत नाही. मी विचारलं, ‘कोणतं खेडं हो?’

‘दापोलीच्या आत कुठेतरी, मावशी.’

‘आणि मोड किती दिवस आणायची ती आजी?’

तो हसला. ‘असेल आठवडाभर.’

‘आठवडाभर? कुजेल ती! वास मारेल! दोन दिवसांवर ठेवलीत तर कोंबड्यासुद्धा तोंड लावायच्या नाहीत. काहीच्या काही गोष्टी सांगताय लोकांना!’

सगळे माझ्याकडे बघायला लागले. लीडर म्हणाला, ‘काकू, चिल.’ माझा आवाज चढलेला होता, मला कळत होतं. तेवढ्यात मुलगी टाकीमागून आली, माझ्या आणि मालकाच्या मध्ये उभी राहिली, पाण्याचा ग्लास पुढे केला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली,

‘काकू, तुम्ही उन्हातून आलात. पाणी घ्या.’

काकू.

माझ्या पोटची मुलगी. मीच तर सांगितलं होतं सांभाळून घे म्हणून, आणि तिने घेतलं, किती नीट घेतलं. चेहऱ्यावर रेघ हलली नाही. ही तिची पहिली वेळ नसावी असं मला वाटून गेलं. मी तो ग्लास धरला नाही.

‘काकू कोणाला म्हणतेस गं?’ मी ओरडले. ‘आई आहे मी तुझी! जन्म दिलाय मी तुला, काकू काय काकू?’

भाभीने माझ्याकडे बघितलं, मुलीकडे बघितलं. ‘पर वो तो बिस्किट में है ना?’

‘झूठ बोला मैंने,’ मी म्हटलं. ‘बिस्किट बिस्किट कुछ नहीं. ये बिअर बनाती है. ये सब इसने बनाया है. और वो नाचनी मेरी है, किसी आजी की नहीं!’

आता तुम्हाला वाटेल लोक ओशाळले असतील. छे! आमच्या ग्रुपने टाळ्या वाजवल्या. लीडर म्हणाला, ‘काकू, सो स्वीट, एक फोटो!’ मालकाने दोन्ही हात जोडले, ‘अरे, तुम्ही आई! आधी सांगायचं ना!’ त्याला अपराधी वाटण्याऐवजी आनंद झालेला पाहून मी आणखीच भडकले. एवढं खोटं पकडल्यावर माणसाने निदान मान तरी खाली घालावी.

मुलगी मात्र हसली नाही. तिने माझा दंड धरला आणि मला मागच्या दाराने बाहेर नेलं. तिथे बकऱ्यांसाठीच्या ओल्या भुशाचे ड्रम होते, वाफ येत होती त्यांतून. मी सुरूच होते. ‘तू ऐकून कशी घेतेस? तुझ्या कामाचं श्रेय कुणा आजीला देतोय तो, आणि तू पाणी वाटत फिरतेस! सोड ही नोकरी. नाहीतर मी बोलते त्याच्याशी, आत्ता बोलते.’

‘आई,’ ती म्हणाली, ‘त्यांना काही बोलू नकोस. आजी मी सांगितलीय त्यांना.’

‘तू?’

‘पहिल्यांदा बिअर जमली तेव्हा सरांनी विचारलं, कुणाकडून शिकलीस. मी म्हटलं, आईकडून. ते म्हणाले, मग पहिला ग्लास आईंच्या हातात देऊ, बोलाव त्यांना. तेव्हा तुला बोलावलं. मग परत बोलावलं. दर वेळी ते खुर्ची पुसून ठेवायचे. तिसऱ्यांदा तू आली नाहीस, तेव्हा मी त्यांना म्हटलं, आई नाही सर, चुकून बोलले, गावची एक आजी होती. वारली ती.’

मी म्हटलं, ‘अगं, पण मारून टाकायचं?’

तिने जाळी काढली, केस कपाळावरून मागे घेतले. रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

‘मग काय सांगणार होते?’ ती म्हणाली. ‘भाईंदरला राहणारी, सायकल चालवणारी, धडधाकट आई का येत नाही, असं त्यांनी विचारलं असतं तर?’