किसनबापूंची लस

पुण्याच्या लसीकरण केंद्रातून आमचे पाहुणे लस न टोचताच परत आले. केनियाला जायला पंधरा दिवस उरले होते.

मी बीडमध्ये टूर्सचं ऑफिस चालवते. केनियाच्या ग्रुपला यलो फीव्हरची लस लागते. लस घेतल्याचं कार्ड टोचल्यावर दहा दिवसांनी ग्राह्य होतं, म्हणजे आमच्या हातात पाचच दिवस होते.

पाहुणे म्हणजे पाटोद्याकडचे किसनबापू, वय अडुसष्ट, आणि त्यांच्या पत्नी गयाबाई. बापूंचा सगळा जन्म मेंढरांमागे गेलेला. बुकिंगच्या वेळी मी विचारलं होतं, आफ्रिकाच का?

"आजवर जे जनावर दिसलं ते हाकललं," ते म्हणाले. "ज्याला हाकलायचं न्हाई असं एक बघायचंय."

केंद्राच्या कागदावर शेरा होता : अंड्याची ॲलर्जी, फिजिशियनचं पत्र आणा. मी कपाळावर हात मारला, कारण चूक माझीच होती. बापू माळकरी. परदेशात कशातही अंडं घालतात, म्हणून मीच त्यांना पढवलं होतं, कुणीही अंड्याचं विचारलं की ठणकावून नाही म्हणा. नर्सने अंडं चालतं का विचारलं, तर बापूंनी इतकं ठणकावून नाही म्हटलं की तिने सुईच खाली ठेवली. बापूंना नाही, म्हणून गयाबाईंनीही टोचून घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी दोघांना घेऊन बीडमधल्या आमच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी बीपी, शुगर पाहिलं. मग विचारलं, "अंडं खाल्ल्यावर काय होतं?"

"खाल्लंच न्हाई कधी."

"मग पत्र कसं देऊ? ही लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. पूर्वी खाऊन त्रास झाला नसेल, तरच लिहिता येईल."

बापू उठलेच. "अंड्यातली सुई? ऱ्हाऊ द्या. न्हाई बघितला सिंह तर न्हाई." तोंड मात्र पार उतरलं होतं. मलाही वाईट वाटलं.

"लिवा सायेब," गयाबाई एकदम म्हणाल्या. "खाल्लंय त्यांनी."

"कवा?" बापू गरकन वळले.

"धाकटी पाळण्यात हुती तवा. न्यूमोनिया झालता. डाक्टरनं अंडी सांगितली, तुमी ऐकंनात. पिठल्यात कालवून चारली. म्हैनाभर."

"माझ्या गळ्यात माळ हुती, गया!"

"आन् माझ्या पदरात दोन लेकरं. काय करू मी?"

डॉक्टरांनी पेन उघडलं. "त्रास काही झाला?"

"कसला त्रास! अजून वाढ म्हनायचे."

मला हसू आवरेना. बापू ताडताड बाहेर गेले. मी मागोमाग गेले. ते गाडीला टेकून उभे होते, डोळे लाल.

"बापू, लसीत अंडं आहे हे खरंच आहे. नको असेल तर आत्ता सांगा, बुकिंग रद्द करते."

त्यांनी गळ्यातली माळ चाचपली. मग म्हणाले, "तिनं चारलं म्हनून तर हितं हुबा हाय. चला, टोचा. पर तिला सांगा, माझ्याशी बोलू नको."

लस झाली, कार्ड मिळालं. अबोला मात्र विमानातही आमच्याबरोबर आला. दोघांच्या मध्ये मी. "ताई, तिला पानी पायजे का इचारा." "ताई, त्यांना म्हनावं गोळी घ्या." नैरोबीपर्यंत माझा पार टपालवाला झाला.

मसाई मारा अभयारण्यात तिसऱ्या सकाळी ड्रायव्हरने जीप थांबवली. गवतात सिंहीण दबा धरून होती, पलीकडे झेब्र्यांचा कळप. बापू पुढच्या सीटवर, गयाबाई मागे. सगळ्यांचे मोबाइल वर. बापू मात्र वारा बघत होते.

"गया," ते मान न वळवता कुजबुजले, "ती वाऱ्याच्या उलट्या अंगानं येतीय. आपला लांडगा बी असाच यायचा की गं."

"मला काईच दिसंना," मागून आवाज आला.

बापू उठले, गयाबाईंना हाताला धरून आपल्या जागेवर बसवलं आणि स्वतः मागे जाऊन उभे राहिले. सिंहीण झेपावली तेव्हा त्यांना तिची फक्त शेपटी दिसली. दिवसभर मात्र दोघं तिच्याबद्दलच बोलत होते, आणि मला कुणी काही विचारलं नाही.

आता लसीचा फॉर्म मी स्वतः समजावून सांगते. आणि तब्येतीचं विचारायचं असेल तेव्हा नवराबायकोला डॉक्टरांकडे एकेकटं आत पाठवते.