चव्वेचाळीस अधिक पंचेचाळीस

नापास झाल्याचा अभिमान बाळगणारी माणसं अख्ख्या जगात फक्त सुरतेच्या पांडेसऱ्यात असावीत, आणि ती सगळी माझ्या थोरल्या मामांनी तयार केली आहेत. मामा साड्यांच्या मिलमध्ये कलरमास्तर. नव्वदीच्या सुरुवातीला खानदेशातून आलेला जो तो त्यांच्या हाताखाली शिकायला यायचा आणि रंगाच्या परीक्षेत गचकायचा. सकाळी खिडकीपाशी रंगवलेल्या कापडाचे वीस तुकडे, भर दुपारी वीस, ट्यूबलाइटखाली वीस. नमुन्याशी रंग जुळतो की नाही ते सांगायचं, तिन्ही वेळचे मार्क एकत्र करायचे, साठात पंचेचाळीसला पास. "एका वेळेवर माणूस ठरवू नये," मामा म्हणायचे, "त्या दिवशी त्याचं पोट बिघडलेलं असतं, नाहीतर माझं." मुलीसाठी स्थळ बघायलाही हे गृहस्थ सकाळ, दुपार, संध्याकाळ असे तीनदा गेले. तिसऱ्या खेपेला मुलाच्या आईनं चहा विचारला नाही, तेही मार्क त्यांनी धरले.

खरी गंमत काठावरच्यांची. थोडक्यात राहिलेल्याला पुन्हा संधी देतात, हे कुणालाही पटेल. मामा थोडक्यात सुटलेल्यालाही पुन्हा बसवायचे आणि दोन्ही बेरजा मिळवून नव्वदला पास करायचे. मला, सख्ख्या भाच्याला, शेहेचाळीस पडले, मी पेढे वाटले, आणि पुढच्याच आठवड्यात एक्केचाळीस पाडून नापास झालो. आईनं भावाशी दोन महिने अबोला धरला. पण मामांनी पास केलेल्याला सुरतेतली कुठलीही मिल एक प्रश्न न विचारता ठेवून घ्यायची. पुढे मी पास झालो तेव्हा रस्त्यानं असा काही चाललो की विचारू नका.

मग मामांचे डोळे दगा देऊ लागले. रंग न जुळल्यानं साड्यांचा एक लॉट परत आला. मिलचे शेठ म्हणाले, "चालतं मास्तर, बसून राहा." मामा घरी येऊन परीक्षार्थीसारखे माझ्यासमोर बसले. "आते तू मनी परीक्षा ले. नापास झालो तर खुर्ची सोडली." मामांना चव्वेचाळीस पडले. त्यांच्याच नियमानं पुन्हा घेतली. शेवटच्या तुकड्याआधी पंचेचाळीस झाले होते, एक मार्क हवा होता. तुकडा फिरोजी. मामा म्हणाले, "जुळतो." जुळत नव्हता. तरी मी बरोबरची खूण केली आणि म्हणालो, "नव्वद. पास."

मामांनी कागद ओढून घेतला. "फिरोजी चुकला माझा. तू श्वास रोखलास तेव्हाच समजलं." स्वतःच्या हातानं खूण खोडली, एकोणनव्वद लिहिले, खाली 'नापास'. दुसऱ्या दिवशी खुर्ची सोडली.

पुढे कितीतरी वर्षं चहाच्या टपरीवर भेटेल त्याला ते छाती फुगवून सांगायचे, "मना भाचानी माले नापास करं." मी मान खाली घालून चहा प्यायचो. तो मार्क खोडला कुणी, हे त्यांनी शेवटपर्यंत कुणाला कळू दिलं नाही. आता ते नाहीत, म्हणून मलाच सांगावं लागतंय.